स्पितीला निघालेले मेश्राम काका

मेश्राम काकांच्या मोटारसायकलवर नऊ जातींचे स्पार्क प्लग असतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीला बसेल असा त्यात एकही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. डबा उघडून मोजलेत. मोजणं हेच माझं काम आहे. खड्डे मोजायचे, बंद पडलेले पथदिवे मोजायचे, न आलेल्या बसेस मोजायच्या, त्यावर पत्रक काढायचं आणि चौकात उभं राहून वाटायचं. नंदनवन नावाच्या वस्तीत मी ज्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहते, त्याच्या तळमजल्यावरच्या माणसावर लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण अन्याय दिसला की लिहायचं हा माझा नियम आहे, आणि काका त्या गाडीवर करतात तो उघड उघड अन्याय आहे.

गाडी दोनशे सीसीची. डोंगरदऱ्यांत न्यायच्या गाड्यांमधली सगळ्यात स्वस्त. काका जमिनीचे नकाशे देणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी ती घेतली आणि गेटवर उभं राहून जाहीर केलं, "मी स्पितीले चाललो." म्हणजे पार उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांत.

मग गाडी सजवणं सुरू झालं. इतर लोक अशा गाडीला उंच काच लावतात, इंजिनखाली पत्रा ठोकतात, दोन बाजूंना पेट्या बसवतात आणि पेट्यांत स्वतःचं सामान भरतात. काकांनीही पेट्या बसवल्या. डावीत मोपेडचे पट्टे, स्कूटरच्या ट्यूबा, दिसेल त्या कंपनीच्या क्लच वायरी. उजवीत हवा भरायचा पंप आणि त्याची नळी एवढी लांब की अलीकडे उभं राहून ट्रकच्या पलीकडच्या चाकात हवा भरावी. टाकीखालच्या पेट्रोलच्या नळीला त्यांनी एक तोटी लावून घेतली. तिच्यातून दुसऱ्यासाठी बाटलीभर पेट्रोल काढता येतं. स्वतःचे कपडे एका पिशवीत, आणि ती पिशवी पोटाशी बांधलेली.

रामदासपेठेत एका कॉफीच्या दुकानापुढे रविवारी सकाळी हौशी मोटारसायकलवाले जमतात. काका तिथेही गेले. एका जाकीटवाल्या पोराने त्यांना समजावलं की लांबच्या प्रवासात वजन कमी करायचं असतं. "होते नं कमी," काका म्हणाले. "वाटत वाटत जातो. पोचेपर्यंत हलकीच होते."

प्रश्न पोचण्याचाच आहे. काका रस्त्यात बंद पडलेली प्रत्येक गाडी दुरुस्त करतात. प्रत्येक. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांची रजा टाकून निघाले आणि सिवनीहून परत आले. दुसऱ्या वर्षी त्याच्याही अलीकडे, खवाशाहून. तिसऱ्या वर्षी कामठी. म्हणजे नंदनवनातून ऑटो करून जाता येतं ती कामठी. तिथे एका लग्नाच्या बँडची गाडी बंद पडली होती. ती चालू करून दिली, वरातीत गेले, जेवले आणि नवरीच्या मामाचा जनरेटर नीट करायला चार दिवस तिथेच राहिले. स्पिती दरवर्षी लांब जात होती.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही समाजसेवा नाही, ही व्यवस्थेला दिलेली सूट आहे. टोल घेणाऱ्यांनी दर वीस किलोमीटरवर मदत केंद्र उभारलं पाहिजे, आणि तुम्ही फुकट पाना फिरवता म्हणून आमच्या मागणीची धार जाते. त्यावर मी पत्रकच काढलं. काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "वीसच्या जागी पंचवीस नाही का करता येत?"

यंदा मी ठरवलं की हा माणूस स्पितीला पोचलाच पाहिजे. योगायोगाने ते निघणार त्याच दिवशी अकरा वाजता वाटेवरच्या देवलापारला माझी सभा होती. मी म्हटलं, देवलापारपर्यंत मी मागे बसते. तिथवर कोणासाठीही थांबायचं नाही. एकदा सवय मोडली की पुढे मोकळा रस्ता. काका म्हणाले, पक्कं.

नऊला निघालो. कामठीत एक स्कूटर आडवी पाडून ठेवलेली दिसली. काकांचा हात ब्रेककडे गेला, मी खांद्यावर थाप मारली. कन्हानच्या पुलापलीकडे एक ऑटो. पुन्हा थाप. मनसरच्या अलीकडे एक माणूस मोपेडला किका मारत होता, बाजूला त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. त्याने हात वर केला. गाडी हळू झाली.

"काका, स्पिती," मी म्हटलं.

त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला. मला विजय झाल्यासारखं वाटलं.

मग काका गप्प झाले. हा माणूस हेल्मेटमधूनही अखंड बोलतो. समोरच्या गाडीचं इंजिन कसं खोकून राहिलं, कोणाची चेन सैल आहे, सगळं सांगतो. आता शब्द नाही. वेग साठाचा पन्नास झाला, पन्नासचा तीस. सहा-सात किलोमीटरवर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तू उतर वं, पुढारीनबाई. तुले बस भेटन. मी पाहून येतो."

मी उतरले नाही. बस मिळत नाही, हाच तर सभेचा विषय होता.

परत गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. मोपेड नाही, बायको नाही. दबलेलं गवत आणि ऑइलचे दोन थेंब. काका उतरले होते, पाना पेटीतून बाहेर आला होता.

"चालू झाली वाटते," ते म्हणाले. "बरं झालं."

पण पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्याचं असावं तसं तोंड झालं होतं. स्वच्छ पाना त्यांनी उगाच फडक्याने पुसला.

माझ्याकडे बोलायला तीन मुद्दे तयार होते. पहिला, लोक तुमच्यावाचून अडत नाहीत. तिन्ही मी पुढच्या पत्रकासाठी राखून ठेवले. काकांनी हँडलला अडकवलेल्या झोळीतून थर्मास काढला आणि स्टीलचे दोन ग्लास.

"सगळ्यांना चहा देता?" मी विचारलं.

"गाडी खोलली की चहा. पाच मिनिटाचं काम असलं तरी मी घंटाभर लावतो." ते ओशाळं हसले. "माणूस बसते, बोलते. तो उठून जाईन कुठं? गाडी त्याचीच खोललेली असते."

मी चहा घेतला. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुह्या गावी कोण कोण असते वं?"

चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहते. माझी आठ मागण्यांची यादी या शहरात पुष्कळांनी वाचली आहे, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पारशिवनीजवळचं गाव, आई, भाऊ, दोन म्हशी, म्हशींची भांडणं. काका मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. ग्लास रिकामा झाला तेव्हा लक्षात आलं की मीही यांच्या दाराखालून फक्त पत्रकंच सरकवली आहेत.

"आणि तुमच्याकडे?" मी विचारलं.

पावणेअकरा झाले होते. माझ्याशिवाय सभा सुरू करा, असा निरोप मी आयुष्यात पहिल्यांदा पाठवला. त्या दिवशी ते स्पितीच्या दिशेने जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर आले होते. चला, असं मी म्हटलं नाही.

काकांनी ग्लास खाली ठेवला. रिकाम्या हातांकडे पाहिलं, पाना उचलला, आणि आपल्याच गाडीच्या धडधाकट आरशाचा नट सैल करत करत बोलायला लागले.