वेंकोबारावांचं ‘वेट्टु’

वेंकोबारावांसमोर कुणाचं वाक्य पुरं होत नाही. तुम्ही तिसऱ्या शब्दाला पोचलात की ते दोन बोटांची कात्री करून ओरडणार, "वेट्टु!" तमिळमध्ये वेट्टु म्हणजे काप. गच्चीवरची टाकी गळतेय म्हणून सांगायला जावं, वेट्टु. नळाला पाणी नाही, वेट्टु.

नोकरीसाठी पुण्याहून मैलापूरला आलो, तेव्हा घरमालक मराठी म्हणून काय हरखलो होतो मी! निघाले तंजावरचे. भाषा बखरीतली, हेल तमिळ आणि विषय एकच: प्रागचा एक सिनेदिग्दर्शक. त्यानं साहेबलोकांची टिंगल करणारा सिनेमा काढला, सरकारनं तो कपाटात कोंडला आणि त्याला स्टुडिओतून हाकललं. मित्र देश सोडून गेले, हा तिथंच राहिला. म्हातारपणी एकदाचं कपाट उघडलं. पाण्याच्या लॉरीपुढच्या रांगेत, हातात घागर घेऊन, ही कथा मी किती वेळा ऐकली असेल देव जाणे! माझी घागर भरायची, तरी यांचा दिग्दर्शक आपला स्टुडिओच्या दारातच.

त्यात दर रविवारी त्या सिनेमाची डीव्हीडी. मला हाताला धरून बसवायचे. शेवटी नायक रुसलेल्या बायकोचं दार ठोठावतो, आणि नेमका तिथंच रिमोट. "वेट्टु!"

"अहो मामा, पुढे?"

"पुढें काफी." आणि ते कॉफी करायला उठायचे.

अशी तिडीक जायची डोक्यात!

माझी बदली झाली. निघण्याआधीच्या रविवारी तो प्रसंग आला आणि मी रिमोट हिसकावलाच. "आज शेवट बघणार म्हणजे बघणार! त्या सरकारनं निदान सिनेमा सोडला तरी. तुम्ही त्यांच्याही वरताण आहात!"

मामांनी बोटांची कात्री केली नाही. "सेरी, बरें, तूं पाहा. मी आंत जातों."

"आत कशाला?"

"फिल्म सोसायटींत हा लागला तेव्हां माझी बायको रुक्मिणी संगें होती. येथवर पाहिलें, तिला धाप लागली, उठलों. म्हणाली, उरलेलें दोघें मिळून पाहूं, एकटे पाहूं नका. रीळ दुसरे दिवशीं परत गेलें. मग ती पण राहिली नाहीं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिकडे नायक टकटक करतच होता. आतून कडी वाजली, दार किलकिलं झालं.

"वेट्टु!" मीच ओरडलो आणि बटण दाबलं.

मामा दारात थबकले.

"पुढे काफी, मामा," मी म्हणालो.