जिवंत गोलकीपराच्या तसबिरीची हकीकत

श्री मारुतीरायाचे चरण वंदून, आणि मैदानावर जे जे पडले, उठले आणि लंगडत घरी गेले त्या समस्तांस दंडवत घालून, हकीकत लिहिली जाते ऐसी जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, माघ मास, ते समयी वरच्या पेठेचे राज्य फुटबॉलाचे ठायी मोठे नामांकित होते. राज्यास ना कोट ना खंदक. एक तालीम, तीत मारुती, लाल मातीचा हौदा, एका भिंतीस जुन्या वस्तादांच्या तसबिरी हार घालून ओळीने, आणि समोरची भिंत नवा गिलावा करून मोकळी, एवढीच दौलत. आणि रयत ऐसी की घरी चूल पेटो न पेटो, सामन्याची वर्दी आली म्हणजे दुकाने ओढून मैदानी हजर. मग तालमीचे कारभारी आप्पासाहेब यांचे मनात आले की, मोकळ्या भिंतीवर पेठेच्या थोर खेळाडूची एक मोठी रंगीत तसबीर लावून त्याचे नाव अजरामर करावे. मसलत मनात होती तोवर राज्यात सुख होते. तोंडावाटे बाहेर पडली आणि पेठेत दोन तट पडले.

पहिला तट कैलासवासी सर्जेराव यांचा. सर्जेराव म्हणजे आघाडीचे बहाद्दर. खालच्या पेठेच्या गनिमाशी अखेरचा सामना झाला त्यात एकुलता गोल त्यांनीच चढवून ढाल जिंकून आणिली, आणि पुढे यथाकाळ देवाघरी गेले. त्यांचे कैवारी विलासराव चहावाले. यांचा जन्म त्या गोलानंतरचा, परंतु गोल सांगू लागले म्हणजे पास आपणच दिला होता ऐसे सांगत, आणि चहा ऊतू जाई तरी भान नसे. दुसरा तट गोलकीपर हिंदुराव यांचा. त्यांचे कैवारी पंडितराव रिक्षावाले. आणि खुद्द हिंदुराव त्याच तालमीच्या दाराशी बाकावर, डोईस पांढरी टोपी घालून, रोज सायंकाळी बसत आणि आपल्याविषयीचे भांडण परक्याचे असावे ऐसे ऐकत.

आता हिंदुरावांचे अंतरीचे शल्य काय, ते सांगणे प्राप्त आहे. त्याच सामन्यात, सर्जेरावांचा गोल झाल्यावर, गनिमास पेनल्टी मिळाली होती. हिंदुरावांनी उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू त्यांच्या करंगळीस लागला, करंगळी मोडली, आणि मग चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. लोक दूर होते. लोकांस खांब दिसला, बोट दिसले नाही. तेव्हापासून पेठेत जो तो म्हणे, "गनिमाची पेनल्टी हुकली," आणि हिंदुराव वाकडी करंगळी मुठीत झाकून गप्प राहत. झालेला गोल सांगावयास गाव लोटते, न झालेल्या गोलाचे पोवाडे कोण गाईल? सबब तसबिरीची गोष्ट निघाली तेव्हा म्हाताऱ्याचे काळीज कितीक वर्षांनी धडधडले, हे खोटे कशास सांगावे.

मग तालमीत सभा भरली. पंडितराव म्हणाले, "गोलकीपर नसता तर त्या एका गोलाला काय चाटायचं हुतं?" यावर विलासराव उठले आणि म्हणाले, "सगळं कबूल. पण हिंदुराव मामा अजून हायती की! जित्या माणसाची तसबीर ह्या तालमीत कुणी लावलीया का आजपतोर? तिला हार कसा घालायचा?" पंडितराव म्हणाले, "बिनहाराची लावू." विलासराव म्हणाले, "आन् समोरचे वस्ताद हारात, आन् ह्ये एकटेच बोडके? वंगाळ दिसतंय त्ये." मग कोणी म्हणाले हार खाली ठेवावा, कोणी म्हणाले हार प्लास्टिकचा असल्यास दोष नाही, कोणी म्हणाले ब्राह्मणास विचारावे, आणि आप्पासाहेबांनी कपाळास हात लाविला. हिंदुराव दाराशी ऐकत होते. आपण हयात आहो ही आपली चूक की काय, ऐसा विचार त्यांचे मनात आला, आणि तो कोणास विचारावा हे उमगेना.

दुसरे दिवशी पंडितराव सफरचंदे घेऊन हिंदुरावांचे घरी दाखल झाले. बसले, पाणी घेतले, छताकडे पाहिले, आणि म्हणाले, "मामा, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय की."

पंडितरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे अगदी बरी? खोकला हुता नव्हं मागं?"

"हुता. गेला."

"गेला व्हय," पंडितराव म्हणाले, आणि सफरचंदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आपल्यासाठी सारी पेठ अंगावर घेणारा हा गडी रिकाम्या हाताने जाईल, याचे हिंदुरावांस वाईट वाटले, आणि मुलाहिजा म्हणून ते थोडेसे खोकले. तोच आक्काताई, म्हणजे हिंदुरावांचे कुटुंब, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "का वो पंडितराव, आमच्या खोकल्यावर तुमचं काय अडलंय?" त्यांनी विचारले. पंडितराव साधा माणूस, त्यांनी खरे ते सांगून टाकले. मग आक्काताई म्हणाल्या, "भिंतीवर चढाय माणूस मराय लागत असंल, तर आमाला नगं तुमची भिंत. सफरचंदं ठेवा आन् उतरा पायरी." पंडितराव उतरले. हिंदुराव मात्र गोंधळून गेले. मान घ्यावा तर मरावे लागते, जगावे तर पेनल्टी हुकलेलीच राहते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये आक्काताई.

मग तसबीर लावण्याच्या उत्सवाचा दिवस आला. आप्पासाहेबांनी निवाडा केला की तसबीर सर्जेरावांची लागेल, कारण ते सर्व अर्थी तयार आहेत. ताशे वाजले, तसबीर चढली, हार पडला. सर्जेरावांशी हिंदुरावांचे मैत्र होते, त्यांस पाहून म्हाताऱ्याचे डोळे भरले, आणि मत्सरही वाटला, आणि दोन्हींपैकी आधी काय वाटले ते त्यांचे त्यांस कळेना. मग विलासराव भाषणास उभे राहिले, गोल सांगितला, आणि पुढे म्हणाले, "आन् मग गनिमाची पेनल्टी हुकली!" तेव्हा हिंदुराव बाकावरून उठले आणि सभेच्या मध्यभागी आले.

"इलास, बाबा, तसबीर नगं मला," ते म्हणाले. "पर हुकली म्हणू नगंस." आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच मूठ उघडून ती वाकडी करंगळी वर धरिली. "हितं लागला चेंडू. खांबाला मागनं लागला."

विलासराव जवळ आले आणि करंगळी दोन्ही हातांत घेऊन पाहिली. तो गोल त्यांनी जन्मभर सांगितला होता आणि सामना अर्धाच सांगितला होता. मग त्यांनी हातोडी मागितली, सर्जेरावांच्या तसबिरीशेजारी एक नवा खिळा ठोकला, आणि म्हणाले, "मामा, ही जागा तुमची. घाई करू नगासा."

आता हा मान झाला की अपमान, यावर पेठेत पुन्हा दोन तट पडले, आणि खुद्द हिंदुरावांस घरी जाईतोवर उलगडा झाला नाही. रिकामा खिळा पाहून पाहुणे पुसत, पेठकरी उत्तर देताना अडखळत. फाल्गुनात एके सायंकाळी हिंदुराव तालमीत आले, खिळ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि उकडत होते म्हणून टोपी काढून त्यास अडकवली. मग रोजचाच परिपाठ पडला. आणि लोकही सामन्यास निघताना आधी मारुतीस, मग सर्जेरावांस, आणि मग टोपीस नमस्कार करू लागले.

पुढे चैत्रात एके सायंकाळी खिळ्यास टोपी नव्हती आणि बाकही रिकामा. पोरांनी पाहिले, बोभाटा झाला, आणि विलासराव चहा उकळता टाकून धावले, पंडितरावांनी प्रवासी रस्त्यात उतरविले, आप्पासाहेब एका पायात वहाण घालून निघाले, आणि सारी पेठ हिंदुरावांच्या दारात लोटली. आत पाहतात तो हिंदुराव पाटावर बसून आमटीभात जेवत आहेत, आणि बाहेर दोरीवर टोपी वाळत आहे. आक्काताई म्हणाल्या, "धुतली आज. बोडक्यानं बाहीर पडंनात. का, काय झालं?" विलासराव पायरीवर मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. वाटेने जाणारा एक अनोळखी मनुष्य गर्दी पाहून थांबला आणि पुसू लागला की हे म्हातारे कोण. विलासराव नाक पुशीत म्हणाले, "ह्यांनी अडवली ती पेनल्टी." हिंदुरावांनी ते ऐकिले, आणि आणखी भात मागितला.

तात्पर्य, सर्जेराव भिंतीवर कायम आहेत, खिळा टोपीसह कायम आहे, आणि मान की अपमान हा वाद अद्याप सुटला नाही. हिंदुराव सुखरूप असून त्यांस कसलीही घाई नाही. लिहिण्यात अधिकउणे झाले असेल ते पेठेने पोटात घालावे. परंतु पेनल्टी अडवली होती, यात फरक करू नये.