आडगव्हाणचं पाणी प्यायलेली बाटली

रेहाना मुजावर यांच्या गॅरेजमधल्या ब्रेक ऑइलच्या उघड्या बाटलीने रविवार ते बुधवार या चार दिवसांत आडगव्हाणचं सगळं पाणी पिऊन टाकलं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून बाटली उघडली की लगेच बंद करायची असते. पण रविवारी झाकण हातातून निसटून गटारात गेलं. दुसऱ्या कुठल्याच बाटलीचं झाकण आट्यांवर बसेना. फडक्याचा बोळा कोंबला, तर तासाभरात तो इतका कोरडा पडला की त्याचा भुगा झाला. सोमवारी कपडे दोरीवर जायच्या आधी बादलीतच वाळले. मंगळवारी नगरपरिषदेची टाकी आटली, बुधवारी विहिरी. बाटलीतलं ऑइल मात्र होतं तेवढंच राहिलं, फक्त रंगाने चहासारखं झालं.

गुरुवारी सकाळी दिगंबर खोत मोटरसायकल ढकलत गॅरेजसमोर आले. खोत जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते. घाटापलीकडच्या सावरपाड्यावर शेळ्यांत साथ पसरली होती. खोतांच्या खांद्याला लसीचा डबा होता आणि डब्यातला बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकणार होता. मोटरसायकलचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकत होता. क्लचचीही तीच गत.

"ताई, काहीतरी घाला आणि मोकळं करा मला," खोत म्हणाले.

"काहीतरी घालून तुम्ही वर जाल. खाली कसे याल?"

हँडलवर उजवीकडे ब्रेक ऑइलची टाकी होती, डावीकडे क्लचची. दिसायला दोन्ही सारख्या. रेहानाताईंनी झाकणं पुसून त्यांवरची अक्षरं मोठ्याने वाचली. ब्रेकला डॉट चार प्रतीचं ब्रेक ऑइल, क्लचला मिनरल ऑइल. एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली रबरं फुगून बसतात. मिनरल ऑइल फळीवर सीलबंद होतं. ब्रेकसाठी मात्र डॉट तीनचा एक डबा आणि ती उघडी बाटली, एवढंच होतं.

"तीन चालेल की."

"ते लवकर उकळतं. आपला घाट अकरा वळणांचा आहे."

"मग त्या बाटलीवर तर चारच लिहिलंय."

"त्यात गाव आहे," रेहानाताई म्हणाल्या आणि त्यांनी तालुक्याच्या दुकानात फोन लावला. डॉट चारची नवी बाटली एकच्या एस.टी.ने येणार होती.

एक वाजायच्या आत पाणीपुरवठा अभियंता अवचट फाईल घेऊन आले. त्यांच्या मागे रिकाम्या घागरी घेतलेली माणसं होती. अवचटांचे ओठ फुटले होते, पण ते शांतपणे बोलत होते.

"बाटली आपली?"

"माझी."

"पाणी नगरपरिषदेचं."

"हो."

"ब्रेक लावला की तापतो. तापला की ऑइलमधलं पाणी उकळतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे ऑइल खोतांच्या ब्रेकमध्ये भरा. घाट उतरताना पाण्याची वाफ होईल आणि गावाला पाणी परत मिळेल. तसा ठराव झालेला आहे."

"आणि वाफ झाल्यावर ब्रेक लागणार नाही, त्याचं काय? खोतांचं काय?"

अवचटांनी दोन पानं उलटून पाहिली. "ठरावात खोतांचा उल्लेख नाही."

बावीस वर्षांपूर्वी रेहानाताईंच्या वडलांनी याच गॅरेजमध्ये एका दूधवाल्याच्या गाडीत जुन्या बाटलीतलं उरलेलं ऑइल भरलं होतं. दूधवाला वाचला, पण पाय गेला. वडलांनी त्यानंतर पान्याला हात लावला नाही. तेव्हापासून गॅरेज रेहानाताई चालवत होत्या.

शेजारच्या कुसुमकाकू गर्दीतून पुढे आल्या. "रेहाना, घरात दोन दिवस थेंब नाही गं. सगळं गाव तहानलंय. एका माणसाचंच काय घेऊन बसलीस?"

रेहानाताईंची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्या सावकाश म्हणाल्या, "काकू, ते तिथेच उभे आहेत. तुम्हीच विचारा त्यांना."

खोत लसीचा डबा पोटाशी धरून उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गर्दीत मागे सरल्या.

एस.टी. दीडला आली. रेहानाताईंनी नव्या बाटलीचं सील सगळ्यांसमोर फोडलं. ब्रेकमधलं जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, लिव्हर दाबून दाबून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर येईपर्यंत थांबल्या आणि टाकीचं झाकण घट्ट लावलं. मग हात धुता येत नव्हते म्हणून भुशाने पुसून क्लचमध्ये मिनरल ऑइल भरलं. दोन्ही लिव्हर आता मुठीपासून तीन बोटांवर टणक थांबले. खोतांनी किक मारली.

पावणेचारला सावरपाड्याहून त्यांचा फोन आला. "पोचलो, ताई. पलीकडच्या उतारावर वळणात गाय आडवी आली. थांबलो."

"गाय?"

"तीही थांबली."

फोन ठेवून रेहानाताईंनी स्टोव्ह पेटवला. पातेल्यात वाळू घातली आणि उघडी बाटली वाळूत उभी केली.

"हे ठरावात नाही," अवचट म्हणाले. "ठरावात घाट आहे."

"साहेब, पाणी शंभर अंशाला उकळतं. हे ऑइल दोनशेच्या वर. मधल्या जागेत गाव आहे. त्याला घाट कशाला हवा?"

अवचटांनी थोडा विचार केला, 'घाट' खोडून वर 'स्टोव्ह' लिहिलं आणि शेजारी सही केली.

बाटलीच्या तोंडातून वाफ निघाली, छपरावरून टाकीकडे गेली, तिथून विहिरींकडे. दिवेलागणीला लोकांनी घागरी भरून घेतल्या. वाळलेले कपडे बादल्यांत पुन्हा ओले झाले.

नव्या बाटलीचं झाकणही त्या बाटलीला बसलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत ती सगळं पाणी पुन्हा पिते. म्हणून रेहानाताई आता रोज पहाटे स्टोव्ह पेटवतात आणि सहा ते आठ गावाला पाणी येतं. शनिवारी कुसुमकाकूंनी खिडकीतून हाक मारली, की वरच्या मजल्यावर धार फार बारीक येते. रेहानाताईंनी स्टोव्हला दोन पंप जास्त मारले.