खऱ्या टँकरची पेटी

माझ्यासारखा डोकेबाज माणूस आख्ख्या वडवणी तालुक्यात न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो! पियानोवरचा सगळ्यात अवघड तुकडा मी मोबाईलवर बघून, गुरूबिरू न करता बसवणार होतो. दोन्ही हातांनी! आणि दूधसंस्थेच्या वार्षिक सभेत वाजवणार होतो.

वेळ भरपूर होता. मी संस्थेचा सचिव. दुष्काळ पडलेला, गुरं चारा छावणीत, दुधाचे कॅन पालथे. सचिवानं काय माशा हाणायच्या? ऑफिसच्या टेबलावर विजेवरचा पियानो मांडला.

माझा बाप अर्जुनराव, जन्मभर गायन पार्टीत पेटी वाजवलेला माणूस. म्हणाला, "डाव्या हाताला आधी भाता मारायला शिकव. मग उड्या मार."

"आबा, पेटी झाली जुनी! एका हातानं वाजवायचं, दुसऱ्यानं वारा घालायचा. ह्याला काय वाजवणं म्हणत्यात?"

बारीक आवाजात मजा येईना, म्हणून पियानो संस्थेच्या भोंग्याला जोडला. तुकड्याची सुरुवातच तीन जाड सुरांची. पॉंऽ, पॉंऽ, पोंऽऽ! मी डोळे मिटून वाजवलं. उघडले तर दारात साठ घागरी!

"कुठंय टँकर?" पुढं आमची चुलती केशरकाकू, मागं आख्खी वस्ती.

"टँकर न्हाई काकू, मी वाजवतोय."

"कावून?"

‘का’ म्हणून विचारत्यात का कधी कलाकाराला! मी पुन्हा सूर धरला.

पाण्याच्या टँकरचा हॉर्न अगदी तसाच, आणि टँकर थांबतो संस्थेच्याच अंगणात! कागदावर रोज येतो, आमच्याकडं चौथ्या दिवशी. लिहितो मी, भितो का कुणाला! त्यामुळं हॉर्न ऐकला की माणूस ताटावरून उठतो. पण मी सराव सोडला न्हाई. आठवड्यात तीनदा वस्ती पळाली. तिसऱ्यांदा शेजारचा सुग्रीव अर्धी दाढी करून, अर्धी साबणात ठेवून आलता. चौथ्यांदा कुणीच आलं न्हाई. मला वाटलं, लोकांना कला कळायला लागली!

शुक्रवारी खरा टँकर आला. ड्रायव्हर सटवानं हॉर्न मारला. कुत्रं हललं न्हाई. पुन्हा मारला.

"बंद कर रे मेल्या, लई झालं!" घरातूनच केशरकाकू.

मी भोंग्यावर ओरडलो, "खरा टँकर हाय!"

"दोन्ही हातांनी वाजव बे!" पलीकडून सुग्रीव.

सटवानं घड्याळ बघितलं. "माणसंच न्हाईत, तर मी चाललो पुढच्या वस्तीला." इंजिन सुरू! चार दिवसांचं पाणी निघालं की!

तेवढ्यात बाप पेटी डोक्यावर घेऊन आला. माईकपुढं मांडी घातली आणि दरसाल जयंतीला वाजवतो ती चाल धरली. पहिल्याच ओळीला दारं उघडली.

"अर्जुनदादा वाजवतोय, म्हंजे कायतरी खरं हाय!" सुग्रीव दोन घागरी घेऊन पळाला. मागं वस्ती. सटवानं इंजिन बंद केलं.

तेव्हापासून टँकर आला की आधी पेटी, मग पाइप. गेल्या खेपेला तर म्हाताऱ्यानं पेटीवर माझाच तो अवघड तुकडा वाजवला. दोन्ही हातांनी! ऐकून ऐकून पाठ झालता म्हणे.

"आता कसं, गाण्यावानी वाटतंय," केशरकाकू घागर उचलता उचलता म्हणाल्या.

आता तुमी विचाराल, दोन्ही हात सुरांवर, तर भाता कोण मारत होतं?

मीच की! डाव्या हातानं!