एका वेळी एकच नातलग

मधुकरच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि गुंगीच्या औषधानं तो हुबळीच्या देशपांडे नगरातल्या दवाखान्याच्या वॉर्डात कापसावर निजल्यासारखा तरंगू लागला. आजूबाजूनं हिरवे झगे ये-जा करत होते. टोपी, मास्क आणि मधे नुसते डोळे. बायको कोण, डॉक्टर कोण, काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यावं असंही वाटत नव्हतं. फक्त एक गोष्ट गुंगीतही टोचत होती. विनायक आला नव्हता.

विनायक त्याचा धाकटा भाऊ. वडिलांचा फोटो दुकानाच्या कुठल्या भिंतीला लावायचा यावरून दोघांचं बिनसलं आणि भांड्यांच्या सामाईक दुकानात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. "आजपासून मला भाऊ नाही," असं विनायकनं भर बाजारात सांगून टाकलं होतं.

आता मधुकरची बायको, सुलभावहिनी, चहाला गेल्याची वेळ साधून विनायक वॉर्डाच्या दारात आला होता. दवाखान्यात रोग्याला नवाच रोग चिकटू नये म्हणून पद्मा सिस्टरचे नियम कडक होते. एका वेळी एकच नातलग, तोही हात धुऊन, झगा-टोपी-मास्क चढवून. विनायक या नियमावर बेहद्द खूश झाला. ओळखू न येता भावाला बघायचं आणि सटकायचं, एवढाच त्याचा बेत होता.

"या डॉक्टर," मधुकर पुटपुटला.

विनायक चपापला. मग आवाज जाड करून म्हणाला, "कसं वाटतंय?"

"पोट बरं हाय. भाऊ तेवढा आला नाही बघा. असला आडमुठा माणूस अख्ख्या हुबळीत गावायचा नाही. नाडी बघा की जरा."

विनायकला तांब्या वाजवून पारखता येत होता, नाडी नव्हे. तरी त्यानं मनगट धरलं. ते पार हाडकुळं झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून बाळाचार्यांनीही हात पुढं केला.

"डॉक्टर, माझीपण!"

आता नाही कसं म्हणणार? त्यानं तीही नाडी धरली, गंभीरपणे मान हलवली आणि पुन्हा मधुकरकडं वळला.

"कै तोळकोरी! हात धुवा आधी!" पद्मा सिस्टर कडाडली. "ह्यांचा हात सोडून त्यांचा धरायचा, मधे हात धुवायला नकोत? जखम चिघळली म्हणजे? कोण तुम्ही? नवे डॉक्टर?"

"न... नाही."

"मग नातलग?"

विनायकनं मास्क आणखी वर ओढला. सगळ्या बाजाराला सांगितलेलं गिळायचं कसं?

"नातलग नसाल तर बाहेर व्हा!"

तो मान खाली घालून निघाला.

"थांबा सिस्टर," मधुकर डोळे मिटूनच म्हणाला. "धाकटा भाऊ हाय माझा. हात धुवायचा कंटाळा जन्माचा."

"अण्णा! कधी ओळखलास मला?"

"दारातच. झग्यानं चाल लपती होय?"

"मग आडमुठा म्हणालास ते?"

"तोंडावर म्हणायचं राहिलं होतं रे कवापासनं." मधुकरच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "आता बघत काय उभारलास? हात धू जा. नाडी अर्धीच राहिली."