ओल्या सड्याची शर्यत

हंबीररावांनी मिशीला लोणी चोळलं, दोन्ही टोकं वर वळवली आणि दारात येऊन एक बोट ओलं करून हवेत धरलं. वारा गावाकडून डोंगराकडे होता. आभाळ निवळ होतं. चैत्रातली भैरोबाची जत्रा होती आणि उजाडताच वेशीपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत पळत जाऊन परत यायची शर्यत होती.

"वारं झकास हाय. चढाला पाठीवर घेतो," ते म्हणाले.

शालूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. प्रदक्षिणा पुऱ्या झाल्याशिवाय त्या कुणाशी बोलत नसत. पुऱ्या झाल्यावर हलकेच म्हणाल्या, "मी नवस बोललीया. तुमी पयलं यावं म्हणून."

"बेस केलंस. देवाला देनार काय?"

"नवस असा आधी सांगत न्हाईत," म्हणत शालूबाई शेणाचं घमेलं घेऊन बाहेर पडल्या.

नवसाची वेळ आलीच होती. गेल्या जत्रेत शालूबाईंचा धाकटा भाऊ नाथाजी आष्ट्याहून पाव्हणा म्हणून आला, अनवाणी पळाला आणि हंबीररावांच्या आधी वेशीत पोचला. हवालदार होऊन पेन्शनीत आलेल्या माणसाला मेव्हण्यानं हरवलं, हा विषय चावडीला बरेच दिवस पुरला. शेवटी हंबीरराव चिडून म्हणाले, "हरलो ते उन्हापायी! धा वाजता डोंगूर तव्यागत तापतोय. फुडच्या जत्रंला पयला आलो न्हाई तर सगळ्यांम्होरं ही मिशी उतरवीन!"

मिशी साधीसुधी नव्हती. पलटणीत त्यांना नावापेक्षा मिशीवरून जास्त ओळखत.

मग वर्षभर त्यांनी तयारी केली. पंचांच्या मागे लागून शर्यतीची वेळ उजाडतावर आणवली. वारा कुठल्या वळणावर आडवा येतो आणि उतारावर मुरूम कुठे सुटा आहे, तेही पाहून ठेवलं. मुरुमावर पाय घसरू नये म्हणून पलटणीतले खिळ्यांचे बूट काढून त्यांना तेल पाजलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. देवाची पालखी डोंगरावरून गावात उतरते ती उताराची गल्ली बायका जत्रेला उजाडतावर शेणाच्या सड्यानं शिंपतात आणि वर रांगोळ्या काढतात. हंबीरराव पेन्शनीत आले ते ऐन दुष्काळात. तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, तिथे सडा कुठला? त्याआधी सडा पडायचा, पण दहा वाजेपर्यंत वाळूनही जायचा. यंदा विहिरींना पाणी होतं, बायकांचे हात मोकळे होते आणि शर्यत उजाडताच होती.

जाताना गल्ली कोरडीच होती; गडी वर गेल्यावर बायकांनी सडा टाकायला घेतला. चढ हंबीररावांनी ठरवल्याप्रमाणे मारला. पोचलेल्या गड्याची खूण म्हणून आकाराम गुरवानं त्यांच्या कपाळावर मूठभर भंडारा फासला. थोडा नाकावर सांडला, थोडा मिशीवर. उतारावर बुटांनी मुरूम घट्ट धरला. यंदाही पळायला आलेला नाथाजी बराच मागे राहिला. हंबीरराव गल्लीच्या तोंडाशी आले आणि शेजारच्या बनुबाई घमेलं घेऊन आडव्या आल्या.

"आवं भावजी, बूट!"

"बुटाचं काय?"

"देवाच्या वाटंवर कातडं घालून जाता व्हय?"

"बनुबाई, शर्यत हाय! सरका!"

"मग देवानं दुसऱ्या वाटनं यावं म्हनता?"

हंबीररावांनी पलीकडे सडा टाकणाऱ्या शालूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसतं बुटांकडे बोट दाखवलं. काही इलाज नव्हता. ते खाली बसले. पलटणीतल्या गाठी, लवकर सुटतात कुठल्या? तेवढ्यात नाथाजी शेजारून गेला.

"दाजी, बसलासा? ऊन लागलं काय?"

बूट टाकून हंबीरराव उठले. पहिलं पाऊल रांगोळीचं कमळ चुकवून पडलं, दुसरं गोपद्मं चुकवून. तिसरं पडलं ते ओल्या शेणावर. त्यानंतर त्यांना पळावं लागलंच नाही. पाठीवर, कुशीवर, मग पालथे, असे ते गल्लीनं खाली निघाले. पुढे नाथाजी चवड्यांवर रांगोळ्या चुकवत चालला होता.

"बाजूला हो गड्याऽऽ!"

नाथाजी भिंतीला चिकटला. हंबीरराव थेट वेशीत, पंच लालासाहेब पाटलांच्या पायाशी येऊन थांबले.

"कोन हाय ह्यो?" पाटलांनी विचारलं.

"मीच! पयला!"

"आवाज हवालदाराचा हाय खरा. पर भंडारा कुठं हाय?"

कुणीतरी घागर ओतली. शेण गेलं आणि शेणाबरोबर कपाळावरचा भंडाराही गेला. नाथाजी आला तो कपाळभर पिवळा.

"निम्म्यातनंच माघारी फिरला असंल," गर्दीतून कुणी म्हणालं. हरिबा न्हाव्यानं धोकटी उघडली. हंबीररावांचा हात आपसूक मिशीवर गेला.

"थांबा," नाथाजी म्हणाला. "दाजींची मिशी बघा. पिवळी हाय."

पाटलांनी मिशीचं टोक चिमटीत धरून चोळलं, बोटं नाकाशी नेली. पाण्यानं लोणी थोडंच निघतं? लोण्यानं भंडारा पक्का धरून ठेवला होता.

"भंडाराच! हवालदार पयला!"

हलगी वाजली. ओल्या डोक्यावर मानाचा फेटा बसला. हरिबा धोकटी गुंडाळू लागला. एवढ्यात हातात बूट घेऊन शालूबाई आल्या.

"हरिबा, ऱ्हाऊ द्या ती उघडीच."

"आता कशाला? जिकलो न्हवं मी!" हंबीरराव म्हणाले.

"म्हणून तर." शालूबाईंनी डोंगराकडे हात जोडले. "ह्यास्नी पयलं येऊ दे, ह्यांची मिशी तुझ्या पायावर घालीन, असं बोललीया मी."

"अगं, नारळ बोलायचा! पेढं बोलायचं!"

"नारळ कुनीबी देतंय. देवाला आवडीची वस्तू द्यावी लागती."

"न्हाई, मी जिकावं म्हणून बोललीस, का मिशी जावी म्हणून?" हंबीररावांनी मिशीचं टोक मुठीत धरलं.

नाथाजी हळूच म्हणाला, "दाजी, फुडल्या वक्ताला ऊनवाऱ्यासंगट अक्कालाबी इचारून घ्या."

डोंगरावर पालखीचे ढोल सुरू झाले होते. फेटा मांडीवर ठेवून हंबीरराव हरिबापुढे बसले. काम उरकल्यावर त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

"वारं," ते म्हणाले, "लय गार हाय."