कक्ष क्रमांक सातमधील हालचाल

पाठ्यपुस्तक कार्यालयाच्या कक्ष क्रमांक सातमध्ये गेली एकवीस वर्षे एक मुद्रितशोधक बसत असत, आणि ते हलत नसत.

यात आळसाचा भाग नव्हता. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकातले अक्षर न् अक्षर तपासणे हे त्यांचे काम, आणि ते काम मान खाली घालून, ओळीखाली बोट ठेवूनच करावे लागते. बोट तेवढे मुंगीच्या चालीने सरकायचे. बाकीचा देह जागच्या जागी. एकदा एका कोळ्याने त्यांच्या उजव्या कोपरापासून टेबलावरच्या पेल्यापर्यंत जाळे विणले. ते मोडू नये म्हणून मुद्रितशोधकांनी पान संपेपर्यंत पाणीच प्यायले नाही. कार्यालयात त्यांना सगळे 'खांब' म्हणत. त्यांच्या कानावर ते येई, पण मान वर करून कोण म्हणाले ते पाहण्यात अर्धी ओळ गेली असती.

या न हलण्याचे फायदे होते. गेल्याच वर्षी दुसरीच्या पुस्तकात 'आजी भाजी चिरते' या वाक्याचे 'आजी भाजी चोरते' झाले होते. चार तज्ज्ञांनी ते पान मंजूर करून खाली झोकदार सह्या ठोकल्या होत्या. खांबाच्या बोटाखाली ते वाक्य आले आणि आजीची अब्रू वाचली. अर्थात, न छापलेल्या चुकीबद्दल कोणी कोणाचा सत्कार करत नाही.

सगळे सुरळीत चालले असताना एके दिवशी साहेबांना रिकाम्या स्वच्छतागृहात दिवा जळताना दिसला. साहेबांनी तो बंद केला नाही, कारण बटण दाबणे त्यांच्या पदाच्या कर्तव्यसूचीत नव्हते. त्यांनी समिती नेमली. समितीने आठ महिने अंधार आणि उजेड यांचा तौलनिक अभ्यास केला आणि शिफारस केली की, यापुढे दिव्यांचा कारभार माणसांच्या हाती ठेवू नये. त्यानुसार प्रत्येक खोलीच्या छताला अर्ध्या अंड्याएवढे एक पांढरे यंत्र बसवण्यात आले आणि भिंतीवरची बटणे काढून तिथे लाकडी झाकणे ठोकण्यात आली.

कक्ष सातमध्ये यंत्र बसवायला वायरमन आला, तेव्हा मुद्रितशोधक वाचतच होते.

"काका, आता दिवा तुम्ही लावायचा नाही," शिडीवरून वायरमन म्हणाला. "हा वरचा डोळा माणूस बघून लावणार."

"मी इथेच तर असतो. बघेल की."

"तसा नाही बघत तो. त्याला तुमचं नाक कळत नाही की चष्मा कळत नाही. त्याला कळते अंगाची ऊब. ती ऊब इकडून तिकडे सरकली की तो समजतो माणूस आहे. सरकली नाही की समजतो भिंत आहे. दहा मिनिटं वाट बघतो आणि विझवतो."

"आणि माणूस एका जागी बसून वाचत असेल तर?"

वायरमनचा हात स्क्रूवरच थांबला. त्याने खरोखरच विचार केला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "ऑफिसात वाचतं कोण?"

पहिला अंधार दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाला. कक्ष सात ही पूर्वी कागद ठेवायची खोली होती, त्यामुळे तिला खिडकी नव्हती. मुद्रितशोधकांना आधी वाटले आपले डोळे गेले. मग आठवण झाली आणि त्यांनी हात वर केला. काही झाले नाही. ते उभे राहिले, खुर्चीला अडखळले, त्या अडखळण्याने हात भिरभिरले आणि दिवा लागला. तोवर ओळ हरवली होती. ती सापडायला सात मिनिटे लागली आणि त्यानंतर तीन मिनिटांनी पुन्हा अंधार झाला.

वायरमनला बोलावले, तर तो म्हणाला, "हात सरळ त्याच्याकडे नेऊ नका, आडवा न्या. आडवं त्याला चटकन कळतं." तेव्हापासून मुद्रितशोधक दर पाच ओळींनी डोक्यावर आडवा हात फिरवू लागले. दारातून पाहणाऱ्याला वाटे, ते पुस्तकाला ओवाळताहेत.

पण एका डोक्यात दोन कामे राहत नाहीत. हात कधी हलवायचा याचा हिशेब करता करता एक दिवस त्यांच्या बोटाखालून 'माणसाच्या शरीरात दोनशे साठ हाडे असतात' हे वाक्य निमूट सरकून गेले. पान उलटल्यावर ते त्यांच्या ध्यानात आले. मागे येऊन त्यांनी ती जास्तीची चोपन्न हाडे काढली. एकवीस वर्षांत असे घडले नव्हते. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि ते साहेबांकडे गेले.

साहेब आपल्या दालनात येरझाऱ्या घालत होते. यंत्र बसल्यापासून ते बसत नसत.

"साहेब, माझ्या खोलीतला दिवा सारखा विझतो."

"त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ असा की मी काम करतोय."

"नाही. अर्थ असा की तिथे कोणी नाही." साहेबांनी चालता चालता एक तक्ता उचलला. "हे बघा. यंत्र नुसता दिवा लावत नाही, नोंदही ठेवतं. आस्थापना शाखा बघा, आठ तास सलग उजेड! याला म्हणतात कार्यक्षमता."

"साहेब, ते तिथे कागदाच्या बोळ्याने चेंडूफळी खेळतात."

"मला तक्त्यात बोळा दिसत नाही. मला उपस्थिती दिसते." साहेब वळले. "आणि तुमचा दिवसाचा उजेड एक तास चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ कुठे असता?"

"खुर्चीवर."

"अंधारात?" साहेबांनी दुःखाने मान हलवली. त्या हलण्याचीही यंत्राने नोंद घेतली.

आठवड्याभरात मुद्रितशोधकांच्या टेबलावर पत्र आले: 'आपण दिनांक तीनपासून कार्यालयात आढळून आलेला नाहीत. सबब, आपल्या अनुपस्थितीचा खुलासा समक्ष उपस्थित राहून सादर करावा.' ते समक्ष उपस्थित राहिले. आस्थापना शाखेतल्या लिपिकाने एका हाताने बोळा झेलत दुसऱ्या हाताने नोंद केली: 'गैरहजर कर्मचारी हजर झाले. ते गैरहजर असल्याचे त्यांना समजावून सांगण्यात आले. त्यांनी ते मान्य केले नाही, मात्र तसे सांगताना ते हलले नाहीत.'

घरी बायकोच्या ध्यानात आले की हे जेवता जेवता डोक्यावरून हात फिरवतात.

"अहो, माशी आहे का?"

"नाही. सवय झालीय."

मग त्यांनी सगळे सांगितले. बायको ऐकत होती. ती कंबरेला गरम पाण्याची रबरी पिशवी लावून बसली होती. संध्याकाळी तिची कंबर धरायची. शेवटी तिने पाठीमागून पिशवी काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

"त्याला ऊब पाहिजे ना? आणि ती हलायला पाहिजे ना? मग ही घ्या. तुमच्या खोलीत तो मान फिरवणारा पंखा आहे ना, त्याच्या जाळीला बांधा. हलू दे तिला. तुम्ही कशाला नाचताय या वयात?"

"अगं, पण तुझी कंबर?"

"दिवसभर माझी कंबर बरी असते. संध्याकाळी घरी आणत जा."

दुसऱ्या दिवशी पिशवी पंख्याला बांधली गेली. पंखा डावीकडून उजवीकडे वळू लागला, त्याच्याबरोबर पिशवी, आणि छतावरच्या अर्ध्या अंड्याचे पूर्ण समाधान झाले. दिवा विझला नाही. त्या दिवशी मुद्रितशोधकांनी चौसष्ट पाने वाचली आणि अकरा चुका पकडल्या. दुपारी पिशवीतले पाणी बदलताना त्यांना वाटले, मेल्यानंतर स्वर्ग मिळाला तर तो असाच असावा: वर न विझणारा दिवा, खाली न संपणारे पान, आणि बाजूला कोणीतरी आपल्या वतीने हलते आहे.

यातून पुढचा अनर्थ घडला, कारण पिशवी जेवणाच्या सुट्टीतही हलत असे. ती पाय मोकळे करायला जात नसे, कोणाच्या लग्नाची पत्रिका वाटायला जात नसे. महिनाअखेरीस तक्ता लागला तेव्हा कक्ष सात पहिला होता. आस्थापना शाखेने चेंडूफळीत दोन जादा गडी घेऊनही तिचा दुसरा नंबर आला.

साहेब पुष्पगुच्छ आणि छायाचित्रकार घेऊन कक्ष सातमध्ये आले. आत एक माणूस निश्चल बसला होता आणि त्याच्या बाजूला एक निळी पिशवी तालात डोलत होती. मुद्रितशोधक खोटे बोलणारे नव्हते, शिवाय त्यांना भाबडी आशा होती की आता साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"साहेब, खरं सांगू का? ही हलते म्हणून दिवा राहतो. आणि दिवा राहतो म्हणून मी वाचू शकतो."

साहेबांनी पिशवीकडे पाहिले, माणसाकडे पाहिले, मग तक्त्याकडे पाहिले.

"म्हणजे ही उपस्थिती पिशवीची."

"हो, साहेब."

"मग तुमची कुठे आहे?"

मुद्रितशोधकांनी ओळीखालच्या आपल्या बोटाकडे पाहिले.

"या कक्षात मंजूर पद एक," साहेब हळुवारपणे म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांना आकडे जुळलेले आवडत. "नोंदही एकाचीच आहे. एका पदावर दोघं कसे बसणार?"

रीतसर चौकशी झाली. तज्ज्ञ म्हणून वायरमनला बोलावण्यात आले. "यंत्राच्या दृष्टीने माणूस कोण?" असे विचारल्यावर त्याने चुळबुळ करत सांगितले, "यंत्राच्या दृष्टीने पिशवी. पण साहेब, माझ्या दृष्टीने..." त्याची दृष्टी चौकशीच्या कक्षेत येत नसल्याने तिथेच साक्ष संपली. अहवालात पिशवीचा वक्तशीरपणा, मितभाषी स्वभाव आणि सहकाऱ्यांशी उबदार वागणूक यांची प्रशंसा होती. ती पदावर कायम झाली. मुद्रितशोधक अतिरिक्त ठरले आणि त्यांना मुदतीआधी सन्मानाने निवृत्त करण्यात आले. पुष्पगुच्छ आणलेलाच होता, तो उपयोगी पडला.

शेवटच्या दिवशी त्यांच्या टेबलावर चौथीचे पुस्तक अर्धे वाचून झाले होते. बोट एकतिसाव्या पानावर होते.

"साहेब, एवढं पुरं करू द्या. बिनपगारी करतो."

"नियमात नाही बसत. उरलेली पानं तिथेच राहू द्या."

"पण वाचणार कोण?"

"अहो, कमाल करता!" साहेब हसले. "लोक वाचतीलच की. पुस्तकं आपण त्यासाठीच तर छापतो."

उरलेली पाने तीन दिवस पिशवीसमोर लख्ख उजेडात पडून होती; पिशवीतले गरम पाणी आता शिपाई बदलत असे. चौथ्या दिवशी त्यांवर 'प्रकाशात तपासले' असा शिक्का मारून ती छापखान्यात गेली.

घरी बायकोने पहिला प्रश्न विचारला, "माझी पिशवी?"

"ती आता नोकरीत आहे."

बायको उठली. मग तिने कंबरेला पंचा गुंडाळला आणि चहा टाकला. "बसा," ती म्हणाली, "आणि इथे हलायची गरज नाही." एकवीस वर्षांत त्यांच्याशी कोणी इतके चांगले बोलले नव्हते. त्यांनी मान फिरवून डोळे पुसले.

पण ती एकतिसाव्या पानापुढची पाने त्यांचा पिच्छा सोडेनात. पुस्तक ऐंशी हजार घरांत गेले. मुद्रितशोधक रोज जुन्या कार्यालयात फोन करून विचारत, "चौथीच्या पुस्तकाबद्दल काही तक्रार?" सहा महिने एकच उत्तर मिळाले, "निरंक." हळूहळू त्यांना धीर आला. कदाचित छापखान्यातल्या जुळाऱ्याने या खेपेला अक्षरे जुळवताना चूकच केली नसेल. कदाचित इतकी वर्षे आपण उगाचच बसलो होतो.

एका दुपारी शेजारीण कात्री मागायला आली. तिला मुलीच्या पुस्तकाला नवे कव्हर घालायचे होते. पुस्तक तिच्या काखेतच होते.

"चौथीचं का? बघू जरा."

त्यांनी बत्तिसावे पान उघडले आणि त्यांचे बोट आपोआप ओळीखाली गेले. 'पाणी नेहमी उकरून प्यावे.' खाली, 'रस्ता ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना पाहावे.' पुढच्या पानावर, 'रोज सकाळी उठून दात खावेत.'

"हा धडा झाला का हो घेऊन?" त्यांनी विचारले.

"तीनदा! मी स्वतः शेजारी बसून घेतलाय. नुसतं शाळेवर सोडून चालत नाही हल्ली."

"मग ही ओळ वाचता?"

"पाणी नेहमी उकळून प्यावे," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"पुन्हा वाचा."

"पाणी नेहमी उकळून प्यावे. का हो?"

"नुसतं हे अक्षर बघा. माझ्या बोटावरचं."

तिने वाकून पाहिले, चष्मा वर केला, पुन्हा पाहिले. "अय्या! उकरून!" आणि ती मनापासून हसली. "बघा ना, मी प्रत्येक वेळी बरोबरच वाचलं."

मुद्रितशोधकांनी कानामागची पेन्सिल काढली. टोक अक्षराला टेकणार, एवढ्यात शेजारणीने झटकन पुस्तक ओढून घेतले.

"नको, नको, खाडाखोड नको! पुस्तक नीटनेटकं ठेवायचे शाळेत दहा गुण आहेत."

"आणि वाचायचे?"

"वाचायचे वेगळे नसतात हो," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन कव्हर घालायला गेली.